फायलीतलं १९२८ साल

चित्रपट सुरू होऊन थोडाच वेळ झालेला असतो, आणि एक टेबल दिसतं. त्यावर रोममधल्या रस्त्यांचे, चौकांचे, वाटसरूंचे फोटो पसरलेले. टेबलामागे बसलेला जर्मन मेजर बर्गमान समोरच्या इटालियन पोलीसप्रमुखाला सांगतो, की मी रोज संध्याकाळी या शहरात लांब फेरफटका मारतो, आणि त्यासाठी मला या खोलीतून बाहेरही पडावं लागत नाही. त्या फोटोंपैकी एकात मानफ्रेदी नावाचा प्रतिकार चळवळीतला माणूस एका तरुणीबरोबर उभा आहे. पुढे त्याची खरी ओळख उघड होते. मूळ नाव लुइजी फेर्रारिस. १९२८ साली बोलोन्यामध्ये अटक. राज्याविरुद्ध कट केला म्हणून १२ वर्षांची शिक्षा. त्यानंतर फरार.

रॉबर्टो रोसेलिनींचा ‘रोम, ओपन सिटी’ हा १९४५ चा इटालियन चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा ही माहिती माझ्या कानावरून निघून गेली होती. सगळं लक्ष पीना या साध्या रोमकर बाईकडे होतं आणि डोन पिएत्रो या पाद्र्याकडे होतं. कितीतरी दिवस डोळ्यांसमोर राहिली ती ट्रकमागे धावणारी बाई. आता इतक्या वर्षांनी पुन्हा पाहताना मात्र मी त्या १९२८ सालापाशी अडखळतो. जर्मन सैन्य रोममध्ये शिरलं सप्टेंबर १९४३ मध्ये. मग त्याच्या १५ वर्षं आधी मानफ्रेदीला पकडलं कुणी? शिक्षा ठोठावणारं न्यायालय कुणाचं होतं? आणि ती फाईल इतकी वर्षं जपून कुणी ठेवली?

उत्तर सगळ्यांना माहीत आहे. मुसोलिनी सत्तेवर आला ऑक्टोबर १९२२ मध्ये. राज्याच्या संरक्षणासाठी म्हणून विशेष न्यायालय उभं राहिलं १९२६ मध्ये. कम्युनिस्ट नेते आणि विचारवंत आंतोनिओ ग्राम्शींना त्याच न्यायालयानं १९२८ मध्येच २० वर्षांहून अधिक काळ तुरुंगात धाडलं. न्यायाधीश, पोलीस, कारकून, तुरुंगाधिकारी, सगळे इटालियन. चित्रपटात मात्र हे साल एका वाक्यात येतं आणि जातं. उरतं ते क्रूर जर्मन आणि त्यांच्यापुढे ताठ उभे राहिलेले भले रोमकर.

नाझी ताब्याविरुद्धच्या प्रतिकाराच्या महान चित्रपटांना आपण आदरानं पाहतो, मुलांना दाखवतो, फिल्म सोसायटीत त्यांचे महोत्सव भरवतो. ते सगळं व्हायलाच हवं. माझं म्हणणं इतकंच आहे, की ज्या समाजानं प्रतिकाराची गोष्ट सांगताना घरातल्या जुलमी माणसांना पडद्याबाहेर ठेवलं, त्या समाजाला ती गोष्ट पुढे महागात पडते. ‘रोम, ओपन सिटी’ हा या दोन्हींचा दाखला आहे. थोर चित्रपट आहे, आणि एका मोठ्या विसराळूपणाची सुरुवातही आहे. त्यातलं एक सांगायचं आणि दुसरं गिळायचं, हे मला आता पटत नाही.

थोरवी आधी सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्याचा हक्क मला नाही.

४ जून १९४४ रोजी रोम मुक्त झालं आणि अवघ्या सात महिन्यांनी, जानेवारी १९४५ मध्ये, या चित्रपटाचं चित्रीकरण सुरू झालं. उत्तर इटलीत तेव्हा युद्ध चालूच होतं. चिनेचित्ता या प्रसिद्ध स्टुडिओत निर्वासित राहत होते. म्हणून आतल्या दृश्यांसाठी व्हिया देल्यी आविन्योनेसी या गल्लीत एक जागा घेतली गेली. ज्या व्हिया राझेल्ला रस्त्यावर छापामारांनी बॉम्ब टाकून ३३ जर्मन पोलिसांना मारलं होतं, तो तिथून पायी दोनचार मिनिटांवर. त्या बॉम्बचा सूड म्हणून २४ मार्च १९४४ रोजी आर्देआतीनेच्या खाणींत ३३५ माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. चित्रपट काढणाऱ्यांच्या ओळखीपाळखीतली माणसं त्या यादीत होती. जखम ओली असताना केलेलं हे काम आहे, आणि ते प्रत्येक चौकटीत जाणवतं.

पात्रंही हवेतून आलेली नाहीत. डोन पिएत्रोमध्ये दोन पाद्री मिसळले आहेत. खोटी कागदपत्रं करून देणारे डोन पिएत्रो पाप्पागाल्लो आर्देआतीनेच्या खाणीत मारले गेले, आणि छापामारांना मदत करणारे डोन जुझेप्पे मोरोझिनी ३ एप्रिल १९४४ रोजी फोर्ते ब्राव्हेत्ता या किल्ल्यावर. पीनामागे आहे तेरेझा गुल्लाचे. पाच मुलांची आई, पोटात सहावं. नवऱ्याला धरपकडीत उचलून नेलं होतं. ३ मार्च १९४४ रोजी ती इतर बायकांबरोबर त्याला कोंडलेल्या बराकीसमोर उभी होती, खिडकीत तो दिसला तेव्हा त्याच्याकडे धावली, आणि जर्मन सैनिकानं तिला तिथेच गोळी घातली.

पीनाच्या मृत्यूच्या आधीचे काही क्षण मुद्दाम पाहण्यासारखे आहेत. इमारतीची झडती चालली आहे. वरच्या मजल्यावर मुलांनी लपवलेली शस्त्रं आहेत. एक आजोबा मरणासन्न आहेत, त्यांना शेवटचा धर्मविधी द्यायचा आहे, असं सांगून डोन पिएत्रो आणि पीनाचा लहानगा मार्चेल्लो वर जातात. आजोबा चांगले ठणठणीत आहेत आणि मरायचं सोंग करायला काही केल्या तयार नाहीत. शेवटी पाद्रीबुवा त्यांच्या डोक्यात तळणीचा तवा हाणतात. सैनिक खोलीत येतो तेव्हा म्हातारा शांत पडलेला असतो आणि पाद्री प्रार्थना पुटपुटत असतो. आपण हसतो. ते हसू ओठांवर असतानाच खाली आरडाओरडा होतो. पीनाच्या फ्रांचेस्कोला ट्रकमध्ये कोंबलं जातं. लग्न त्याच दिवशी ठरलेलं. ती सैनिकांना ढकलून धावत सुटते, त्याच्या नावानं ओरडते. गोळ्यांचा आवाज येतो आणि ती रस्त्यावर पालथी पडते, बस. कॅमेरा थांबून आपल्याला रडायला वेळ देत नाही. मुलगा धावत येऊन आईला कवटाळतो. डोन पिएत्रो तिला मांडीवर घेतो.

पीना झालेल्या आन्ना मान्यानी आणि डोन पिएत्रो झालेले आल्दो फाब्रिझी हे दोघेही तोवर प्रामुख्यानं विनोदी नाटकांतले, व्हरायटी शोमधले कलाकार म्हणून लोकप्रिय होते. त्यामुळेच तव्याचा प्रसंग आणि मरणाचा प्रसंग त्यांना एका श्वासात पेलता आला, असं मला वाटतं. नवयथार्थवाद, ही युद्धोत्तर इटालियन सिनेमाची शैली, म्हणजे रस्त्यावरची अनोळखी माणसं उभी करणं, असं आपल्याकडे फार सांगितलं जातं. या चित्रपटाचा कणा दोन कसलेल्या नटांच्या खांद्यावर आहे.

पीना पहिल्यांदा दिसते तीही बेकरी लुटणाऱ्या बायकांच्या गर्दीत. पदरात, म्हणजे कपड्यांच्या घोळात, पाव भरलेले. हवालदार तिथेच उभा, आणि तीच त्याला पाव देते, कारण भूक त्यालाही आहे. रोममध्ये हे खरोखर घडत होतं. ७ एप्रिल १९४४ रोजी ओस्तिएन्से भागात पिठासाठी गिरणीवर चालून गेलेल्या दहा बायकांना नदीवरच्या लोखंडी पुलाजवळ उभं करून मारण्यात आलं. प्रतिकार म्हटलं की आपल्याला बंदूक आठवते, पत्रकं आठवतात. रोममधला बराचसा प्रतिकार पिठाचा, चुलीचा, लपवलेल्या पाहुण्याला वाटणीतलं जेवण देण्याचा होता. हे पडद्यावर आणून रोसेलिनींनी जगभरच्या सिनेमावर जे उपकार केले, त्यांची परतफेड होणार नाही.

आणि तरीही.

इटालियन दिग्दर्शक लुकीनो व्हिस्कोंती हे नाव चित्रपटवेड्यांना नवं नाही. १९४४ च्या वसंतात व्हिस्कोंतींना पकडून पेन्सिओने याक्कारीनो नावाच्या रोममधल्या एका लॉजमध्ये कोंडलं होतं. तिथे छळ चालायचा. तिथे राज्य होतं पिएत्रो कोख या फॅसिस्टाच्या टोळीचं. कोख आडनाव जर्मन वाटतं, माणूस मात्र इटालियन, त्याचे हस्तकही इटालियन, आणि शेजाऱ्यांना रात्री ऐकू येणाऱ्या किंकाळ्यांवर ओरडणारे आवाजही इटालियन. रोममध्ये छळाचे अड्डे एकाहून अधिक होते. व्हिया तास्सोवरचा जर्मनांचा अड्डा चित्रपटानं अजरामर केला. याक्कारीनोला चित्रपटात जागा मिळाली नाही.

आर्देआतीनेच्या खाणींत मारायला माणसं कमी पडत होती, तेव्हा रोमच्या पोलीसप्रमुखानं, पिएत्रो कारूझोनं, आपल्या ताब्यातल्या कैद्यांमधून ५० नावं काढून दिली. पेनानं यादी केली, शिक्का मारला. चित्रपटातला पोलीसप्रमुख याच पदावरचा, पण तो तिथे बर्गमानसमोर अदबीनं उभा राहणारा, पडेल चेहऱ्याचा सहायक आहे. त्याच्या हातून काय घडलं ते आपण पाहत नाही.

१६ ऑक्टोबर १९४३ च्या पहाटे जर्मनांनी रोमच्या ज्यू वस्तीला वेढा घातला. हजाराहून अधिक माणसं आउश्विट्झला गेली, परत आली १६. घराघरांचे पत्ते त्यांना शोधावे लागले नाहीत, कारण १९३८ साली इटलीच्या सरकारनं वंशभेदाचे कायदे करताना ज्यूंची वेगळी शिरगणती करून ठेवली होती. १९४३ च्याच अखेरीस, ३० नोव्हेंबरला, जर्मनांच्या आधारानं उभ्या राहिलेल्या मुसोलिनीच्या नव्या सरकारनं स्वतःच्याच पोलिसांना देशभरातल्या ज्यूंना पकडायचे आदेश दिले. चित्रपटाचा काळ हाच, शहर हेच. त्या पहाटेबद्दल चित्रपट गप्प आहे.

शेजारच्या माणसाचा विश्वासघात करणारं पात्र चित्रपटात आहे, ती मारीना. मानफ्रेदीची जुनी मैत्रीण, रंगमंचावर नाचणारी, अमली पदार्थांच्या आहारी गेलेली, आणि इन्ग्रिड या जर्मन बाईनं दिलेल्या फरच्या कोटाला भुललेली. मानफ्रेदीचं छिन्नविच्छिन्न प्रेत पाहून ती कोसळते तेव्हा इन्ग्रिड तिच्या अंगावरचा तो कोट शांतपणे काढून घेते, पुढच्या कुणासाठी तरी. दृश्य म्हणून हे भेदक आहे. पण फितुरी ही एका नादावलेल्या, एकट्या पडलेल्या बाईच्या दुबळेपणातून येते, असं मांडल्यानं किती जण सुटले याचा विचार करा. नोकरी सांभाळणारे, बढतीची वाट पाहणारे, यादी टंकलिखित करणारे, मनापासून त्या विचाराचे असणारे, सगळे सुटले.

स्वतः रोसेलिनींनी १९४१ ते १९४३ या काळात मुसोलिनीच्या राजवटीत तीन युद्धपट केले होते. त्यातल्या एकाच्या कथेशी मुसोलिनीचा मुलगा व्हित्तोरिओ निगडित होता. त्यावरून त्यांना संधिसाधू म्हणणाऱ्यांत मी नाही. माणसं बदलतात, आणि १९४५ च्या कामातली कळकळ खोटी नाही. पण दिग्दर्शकाचाच भूतकाळ असा असताना त्याच्या चित्रपटाला दोष फक्त परक्याचा दिसावा, हे मला योगायोगाचं वाटत नाही. देशाच्या मनात जे चाललं होतं तेच त्याच्याही मनात चाललं असणार. वीस वर्षांचा हिशेब मांडायचा तर प्रत्येक घरातून कुणीतरी त्यात निघणार होतं.

यावर एक उत्तर दिलं जातं आणि ते वजनदार आहे. तेव्हा देश मोडून पडला होता. सप्टेंबर १९४३ मध्ये कम्युनिस्टांपासून कॅथलिकांपर्यंत सहा पक्षांनी एकत्र येऊन राष्ट्रीय मुक्ती समिती स्थापली होती. तीच एकी या चित्रपटात दिसते. देव न मानणारा मानफ्रेदी आणि देवाचा सेवक डोन पिएत्रो एकमेकांसाठी मरतात. शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध उभं करणारा चित्रपट त्या वेळी काढला असता तर यादवी आणखी पेटली असती. चित्रपट म्हणजे न्यायालय नव्हे, आणि कलावंतानं सगळंच एका कलाकृतीत सांगावं असा नियम नाही.

हे मी मान्य करतो, १९४५ साठी. पण एकीच्या नावाखाली पुढे काय झालं ते पाहा. २२ जून १९४६ रोजी सर्वसाधारण माफी जाहीर झाली. तिच्यावर सही होती न्यायमंत्री पाल्मीरो तोल्याती यांची, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्याच सर्वोच्च नेत्याची. हजारो फॅसिस्ट तुरुंगातून बाहेर पडले आणि कित्येक जण पुन्हा सरकारी खुर्च्यांवर जाऊन बसले. वर्षभरात ती एकीही संपली. मे १९४७ मध्ये कम्युनिस्टांना सरकारबाहेर काढलं गेलं. एकी गेली, माफी राहिली.

इथिओपियावर विषारी वायू सोडणाऱ्या इटलीनं ती गोष्ट अधिकृतपणे कबूल केली १९९६ साली, साठ वर्षांनी. फेब्रुवारी १९३७ मध्ये आदिस अबाबात ज्याच्या अमलाखाली हजारो माणसं कापली गेली, त्या रोदोल्फो ग्रात्सिआनीला १९५० मध्ये शिक्षा झाली ती जर्मनांना साथ दिली म्हणून. आफ्रिकेतल्या प्रेतांचा त्या निकालात हिशेब नव्हता. शिक्षा १९ वर्षांची, पण काही महिन्यांतच तो घरी. आणि २०१२ साली रोमजवळच्या आफीले या गावात त्याचं स्मारक उभं राहिलं, नगरपालिकेच्या पुढाकारानं.

मला सगळ्यांत जास्त छळते ती एका कपाटाची गोष्ट. १९९४ मध्ये रोममधल्या लष्करी अभियोक्त्यांच्या कार्यालयात एक कपाट सापडलं. दारं भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. आत सुमारे ७०० फायली, इटलीच्या भूमीवर नाझी आणि फॅसिस्टांनी केलेल्या हत्यांच्या. १९६० मध्ये त्यांच्यावर शेरा मारला होता: तात्पुरतं दप्तरदाखल. नाझींचे गुन्हेसुद्धा त्यात बंद होते. त्यामागचं एक कारण म्हणजे, एकदा खटले सुरू झाले की युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि इथिओपियाही इटलीकडे आपापल्या याद्या घेऊन येतील, ही भीती होती. घरचा दोष झाकायला सुरुवात केली की मग परक्याचा दोषही सिद्ध करता येत नाही. आर्देआतीनेत गोळ्या घालणारा एरिख प्रीब्के तोवर अर्जेंटिनात सुखानं नांदत होता. तोही त्याच १९९४ साली सापडला. त्याला जन्मठेप व्हायला १९९८ उजाडलं.

एका चित्रपटावर मी या सगळ्याचं खापर फोडत नाही. चित्रपट माफीनामे लिहीत नाहीत, कपाटंही फिरवून ठेवत नाहीत. पण राष्ट्र स्वतःबद्दल जी गोष्ट सांगतं तिला एक चेहरा लागतो, आणि युद्धानंतरच्या इटलीला तो चेहरा मान्यानी आणि फाब्रिझी यांनी दिला. भले इटालियन, दुष्ट जर्मन. लोकांनी चित्रपटातून तेवढंच घेतलं, कारण तेवढंच घेणं सोयीचं होतं.

खरं तर चित्रपटात याहून जास्त आहे, आणि पाहणाऱ्यानं ते उचलायला हवं. हार्टमान नावाचा एक जर्मन अधिकारी आहे. मुख्यालयात तीन खोल्या लागून आहेत. एकात बर्गमानचं टेबल, एकात मानफ्रेदीचा छळ, आणि एकात पियानो, पत्ते, मद्य. बर्गमान या खोलीतून त्या खोलीत ये-जा करत राहतो. पियानोच्या खोलीत तो म्हणतो, इटालियन माणूस आमच्यासारखा टिकला तर मग आपल्या श्रेष्ठ वंशाचा अर्थ काय राहिला? दारू चढलेला हार्टमान तिथे बोलायला लागतो. २५ वर्षांपूर्वी मी फ्रान्समध्ये होतो, आम्ही देशभक्तांना गोळ्या घालत होतो आणि तेव्हाही आम्हाला आम्हीच श्रेष्ठ वाटत होतो. आम्हाला मारण्यावाचून काही येत नाही. सगळा युरोप आम्ही प्रेतांनी भरून टाकला आणि त्या थडग्यांतून द्वेष उगवतो आहे.

सकाळी डोन पिएत्रोला गोळ्या घालायच्या असतात. उघड्या मैदानावर खुर्चीला बांधलेला पाद्री. समोर इटालियन सैनिकांचं पथक. ते जमिनीत, इकडेतिकडे गोळ्या झाडतात. पाद्री जिवंतच. तेव्हा पुढे येऊन डोक्यात गोळी घालतो तो हार्टमान, रात्री ज्यानं सगळं खरं बोलून टाकलं होतं तो.

मोरोझिनींच्या वेळीही पथकातल्या बहुतेकांनी हवेत गोळ्या झाडल्या, असं सांगितलं जातं. म्हणजे चित्रपटाच्या शेवटाला आधार आहे. पण माझी नजर त्या पथकावर टिकते. नेम चुकवणं हे धाडस आहे, हे मी जाणतो. तरी ते पहाटे उठून, पट्टे आवळून, रायफली घेऊन तिथवर आले होते. खुर्ची बहुधा त्यांच्यातल्याच कुणी आणली असेल, दोरी कुणी आवळली असेल. चित्रपट त्यांना मोकळं करतो, कारण त्यांची नावं विचारत नाही. हार्टमानला मात्र तो मोकळा करत नाही. सगळं कळत असून हात न थांबणं हा खरा विषय इथे होता, आणि चित्रपटानं तो ओळखून जर्मन गणवेशातल्या माणसाच्या अंगावर चढवला. हेच रूप रोममधल्या किती कचेऱ्यांत इटालियन गणवेशात वावरत होतं!

हे आपण का वाचावं, असं एखादा मराठी वाचक विचारेल. पहिलं उत्तर नदीच्या काठावर आहे. रोममधून वाहणारी तिबेर नदी जिथून येते, त्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी, रोम मुक्त झाल्यावर पाच आठवड्यांनी, नाईक यशवंत घाडगे एकटे मशीनगनच्या ठाण्यावर तुटून पडले आणि तिथेच मेले. मराठा लाइट इन्फंट्रीचे, आजच्या रायगड जिल्ह्यातले, वय जेमतेम २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी, म्हणजे रोममध्ये चित्रपटाचं काम चालू होतं त्याच महिन्यांत, नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधव यांनी सेनिओ नदीवर तोच सन्मान मिळवला. इटलीत भारतीय सैनिकांची साडेपाच हजारांहून अधिक थडगी आणि नावं आहेत. २०२३ मध्ये मोन्तोने गावात घाडग्यांच्या नावानं सूर्यघड्याळ उभारलं गेलं. त्या मुक्तीत आपल्या घरची माणसं होती, ती परक्या राजाच्या गणवेशात होती हे खरं असूनही.

दुसरं उत्तर इतकं सुखाचं नाही. त्याच इटलीच्या, त्याच राजवटीच्या कौतुकाचे दिवस आपल्याकडेही होते. नागपूरचे हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये मुसोलिनीला भेटले, तिथल्या मुलांच्या निमलष्करी संघटना पाहून भारावले आणि तसं दैनंदिनीत लिहून ठेवलं. हे एकट्या मुंज्यांचं किंवा एका विचाराच्या लोकांचं वेड नव्हतं. रवींद्रनाथ ठाकूर १९२६ मध्ये मुसोलिनीचे पाहुणे होते आणि प्रारंभी त्यांनीही चांगले उद्गार काढले. इटलीतून बाहेर पडल्यावर, छळ सोसलेल्या लोकांकडून खरं कळल्यावर त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये पत्र लिहून जाहीरपणे आपली बाजू बदलली. सुभाषबाबू मुसोलिनीला एकाहून अधिक वेळा भेटले. मार्च १९३६ मध्ये पत्नीच्या निधनानंतर परतताना नेहरूंना रोममध्ये भेटीचा आग्रह झाला, तो त्यांनी मोडून काढला. प्रत्येकाची कारणं वेगळी, काळ वेगळा. ती कारणं समजून घेऊ. पण ते कौतुक झालं होतं एवढं तरी आपल्या मुलांना ठाऊक असायला हवं. ठाकुरांचं ते पत्र मला त्यांच्या कित्येक कवितांइतकं मोलाचं वाटतं, कारण स्वतःच्या शब्दांवर स्वतः रेघ मारायला लागणारं धैर्य त्यात आहे.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे, फिल्म सोसायट्यांना, महाविद्यालयांना, ग्रंथालयांना, जिथे जिथे हा चित्रपट दाखवला जातो त्या सगळ्यांना. तो एकटा दाखवू नका.

त्याच १९४५ च्या शरद ऋतूत इटलीत एक माहितीपट प्रदर्शित झाला, ‘जोर्नी दी ग्लोरिआ’, म्हणजे वैभवाचे दिवस. त्यातला एक भाग व्हिस्कोंतींचा, याक्कारीनोमधून जिवंत सुटलेल्या व्हिस्कोंतींचा. कारूझोवर सप्टेंबर १९४४ मध्ये खटला चालला त्याचं चित्रण त्यात आहे. खटल्याच्या पहिल्याच दिवशी जमाव बेभान झाला आणि रेजिना चेली तुरुंगाचा माजी अधिकारी दोनातो कारेत्ता, जो साक्ष द्यायला आला होता, त्याला लोकांनी ओढून नेऊन ठार केलं. तेही त्यात आहे. पाहवत नाही. भले रोमकर तिथेही आहेत, पीनाच्या इमारतीतले असावेत असेच चेहरे, आणि त्यांच्या हातून हे घडतं आहे. मग कारूझोची शिक्षा. २२ सप्टेंबर १९४४, फोर्ते ब्राव्हेत्ता. मोरोझिनींना ज्या किल्ल्यावर मारलं तोच. कुबड्यांवर चालत आलेला माणूस खुर्चीत बसवला जातो. पथक इटालियन. या वेळी कुणाचा नेम चुकत नाही.

आणखी एक भाग आहे, आर्देआतीनेच्या खाणींचा. माती उपसली जाते आहे, डॉक्टर एकेक देह ओळखायचा प्रयत्न करतो आहे, बाहेर बायका नाकाला रुमाल लावून उभ्या आहेत. तो भाग दिग्दर्शित केला मार्चेल्लो पाल्येरो यांनी. रोसेलिनींच्या चित्रपटात मानफ्रेदीची भूमिका करणारे तेच पाल्येरो. साधारण वर्षभराच्या काळात त्यांनी कॅमेऱ्यापुढे छळानं मरणारा, १९२८ ची फाईल पाठीवर घेऊन फिरणारा माणूस उभा केला, आणि कॅमेऱ्यामागे उभं राहून त्या खाणीतून खरी माणसं बाहेर येताना पाहिली.